सेलिब्रिटी रिपोर्टिंगमध्ये करिअर करायचंय? मग आधी स्टारच्या आजूबाजूची माणसं ओळखा

मासिकात सेलिब्रिटी बीट, म्हणजे सेलिब्रिटींच्या बातम्यांचं काम, करायची आहे म्हणणारे खूप जण भेटतात आणि बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं, की आपण मोठ्या स्टारसमोर बसलोय, मध्ये रेकॉर्डर ठेवलाय आणि स्टार अगदी मन मोकळं करून बोलतोय. होतं असं कधीकधी, नाही असं नाही, पण या कामातला तो अगदीच छोटा भाग आहे. बाकी सगळं म्हणजे फोन, मेल, वाट बघणं, जुने अंक चाळणं, नावं आणि तारखा तपासणं आणि पुन्हा फोन. आणि माझं ठाम मत आहे की या लाईनमध्ये जे वर्षानुवर्षं टिकलेत त्यांना स्टारच्या मैत्रीने टिकवलेलं नाही, स्टारभोवती जी माणसं असतात ना, पब्लिसिस्ट (प्रसिद्धीचं काम बघणारे), मॅनेजर, एजंट, स्टायलिस्ट, मेकअप करणारे, असिस्टंट, फोटोग्राफर, त्यांना "ही व्यक्ती जे बोललं तेच छापते आणि जे ठरलं ते पाळते" एवढं पटलेलं असतं, म्हणून ते टिकलेत. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीकडे जातं.

सुरुवात करायच्या आधी आपण कुठे शिरतोय ते जरा समजून घ्या. फोटोप्ले हे अमेरिकेतलं सिनेमाचं मासिक १९११ ला सुरू झालं, ओला हे स्पेनचं साप्ताहिक १९४४ ला बार्सिलोनात, फिल्मफेअर १९५२ ला, स्टारडस्ट १९७१ ला, आणि अमेरिकेतलं पीपल साप्ताहिक १९७४ ला, तेही टाइम साप्ताहिकातल्या 'पीपल' नावाच्या पानावरून. म्हणजे हा धंदा आजकालचा नाही. आणि पहिल्यापासून भांडण एकाच गोष्टीचं आहे, स्टारपर्यंत कोण पोचू देणार. हॉलिवूडमध्ये आधी स्टुडिओच्या हातात ते होतं, लुएला पार्सन्स आणि हेडा हॉपर या दोन कॉलमनिस्ट बायकांचा एवढा दरारा होता तो त्यामुळेच, की स्टुडिओ त्यांना बातम्या द्यायचे आणि त्यांना घाबरायचेही. नंतर पब्लिसिस्टच्या हातात आलं आणि आता तर स्टार स्वतःच्याच अकाउंटवरून लग्न, बाळ, ब्रेकअप सगळं जाहीर करून टाकतात, मासिकाला कळायच्या आधी जगाला कळलेलं असतं. व्होग या फॅशन मासिकाच्या सप्टेंबर २०१५ च्या अंकावर कव्हरला गायिका बियॉन्से होती पण आत तिची मुलाखत नव्हतीच, एका समीक्षिकेने तिच्याबद्दल लिहिलेला निबंध होता. त्यामुळे "मी बातमी सगळ्यात आधी देईन" या जोरावर मासिकात करिअर होणार नाही, तो खेळ संपलाय. मासिकाला लागतं ते खोलात गेलेलं, नीट लिहिलेलं आणि तपासलेलं, जे स्टारच्या पोस्टमध्ये कधीच मिळत नाही.

आता शिरायचं कसं. डिग्री असेल तर चांगलंच पण संपादक डिग्रीपेक्षा छापून आलेलं काम बघतात, मग ते छोट्या साप्ताहिकातलं असो, कॉलेजच्या अंकातलं असो की एखाद्या वेबसाईटवरचं. अमेरिकन लेखक-दिग्दर्शक कॅमेरन क्रो रोलिंग स्टोन या संगीताच्या मासिकासाठी लिहायला लागला तेव्हा टीनएजर होता, त्याला काय अनुभव होता, बँड्सबद्दलची प्रचंड माहिती आणि आधी छोट्या पेपरांत लिहिलेले रिव्ह्यू एवढंच. बाकी बहुतेक जण इंटर्न किंवा एडिटोरियल असिस्टंट म्हणून लागतात आणि पहिलं वर्ष फोटोंच्या कॅप्शन लिहिणं, छोटे बॉक्स, वाढदिवसांची यादी, फॅक्ट चेकिंग आणि सीनियर लोकांच्या मुलाखती टाईप करून देणं यात जातं. लोकं या कामाला कंटाळतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण दुसऱ्याची मुलाखत शब्द न् शब्द टाईप करण्याइतकं चांगलं शिक्षण दुसरं नाही. सीनियरने प्रश्न विचारल्यावर तो कुठे गप्प बसला, स्टार विषय टाळायला लागल्यावर त्याने लगेच पुढचा प्रश्न टाकला की थांबला, कुठल्या प्रश्नाला ठरीव उत्तर आलं आणि कुठल्या प्रश्नाला माणूस दोन सेकंद अडखळला, हे सगळं कानावर पडतं. असं काम मिळालं तर मागून घ्या.

एक छोटी गोष्ट पण फार कामाची. पहिल्या सहा महिन्यांत स्वतःची बीट बारीक करा. "मी सेलिब्रिटी करतो" म्हणजे काहीच नाही. टीव्हीवाले, संगीत, खेळाडू, फॅशन, कॉमेडी, राजघराणी, रिॲलिटी शो, ऑनलाईन क्रिएटर यातलं एक पकडा आणि त्यात सगळ्यात जास्त माहिती असलेली व्यक्ती व्हा. जे आज सपोर्टिंग रोलमध्ये आहेत, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही, त्यांच्यावर आत्ताच लिहा, आत्ताच बोला. पुढे त्यातला एखादा मोठा झाला की त्याला सगळ्यात आधी आठवतो तो त्याला नाव नसताना तासभर ऐकून घेणारा पत्रकार, आणि नुसता त्यालाच नाही, त्याच्या मॅनेजरलाही, कारण तोसुद्धा तेव्हा ज्युनियरच असतो.

माणसं जोडणं म्हणजे नेमकं काय करायचं ते सांगतो. एक फाईल करा, साधी एक्सेल शीट चालेल, त्यात कोणाचा पब्लिसिस्ट कोण, मॅनेजर कोण, एजन्सी कुठली, शेवटचं कधी बोललो, काय बोललो, काय ठरलं, आणि त्याला कामाचं काय हवंय, हे सगळं लिहीत जा. हे लोक सतत एजन्सी बदलतात त्यामुळे ती शीट दर महिन्याला अपडेट करावी लागते. पब्लिसिस्टला फक्त काही मागायचं असेल तेव्हाच फोन करू नका, त्याचा एखादा लहान क्लायंट तुमच्या अंकात छोट्या बॉक्समध्ये बसत असेल तर तुम्हीच सुचवा. एखाद्या स्टोरीला तो नाही म्हणाला तर वाद घालू नका, "ठीक आहे, पुढच्या वेळी" म्हणा आणि पुढच्या वेळी खरंच फोन करा. त्याचं काम क्लायंटला सांभाळणं आहे आणि तुमचं काम वाचकाला खरं सांगणं, दोघांनाही हे माहीत असतं, त्यात वैर काही नाही. आणि ज्युनियर असिस्टंटशी नीट बोला हो, नाव लक्षात ठेवा, कारण दोन वर्षांत तोच डेस्क चालवत असतो.

मासिकाचं कॅलेंडर हा एक वेगळाच प्रकार आहे आणि नवीन लोकं इथेच मार खातात. मासिकाचा अंक बाजारात यायच्या दोन-तीन महिने आधी त्याचं काम चालू झालेलं असतं, मोठ्या कव्हर स्टोरी त्याहूनही आधी ठरतात. म्हणजे एखादा सिनेमा किंवा अल्बम वर्षाच्या शेवटी येणार असेल तर त्याची पिच, म्हणजे संपादकाला लेखाचा प्रस्ताव, तुम्हाला उन्हाळा-पावसाळ्यातच द्यायला हवी, रिलीजच्या आठवड्यात मेल करून काही उपयोग नाही, संपादकाचा तो अंक कधीच बंद झालेला असतो. रिलीज, टूर, पुरस्कार, सीझनचा शेवट, मोठ्या मॅचेस यांचं कॅलेंडर भिंतीवर लावा आणि तीन महिने पुढचं बघत काम करा. पिच लिहिताना "मला अमुक स्टारवर लिहायला आवडेल" असं लिहू नका, सगळ्यांनाच आवडेल. आत्ताच का, या स्टारचं काय नवीन आहे जे अजून कोणी लिहिलेलं नाही, आणि मला तिथपर्यंत पोचता येईल ते कसं, या तीन गोष्टी पहिल्या चार ओळीत आल्या पाहिजेत, बाकी मेल कोणी वाचत नाही.

आता जंकेट. सिनेमा यायच्या आधी एखाद्या हॉटेलचा मजला घेतात, प्रत्येक खोलीत एक स्टार बसवतात आणि पत्रकार एकामागे एक आत जातात, प्रत्येकाला पाच-सात मिनिटं, किंवा राउंड टेबल असेल तर सहा-आठ पत्रकार एकाच टेबलाभोवती आणि वीस मिनिटं. कोपऱ्यात पब्लिसिस्ट घड्याळ बघत बसलेला असतो आणि मध्येच "शेवटचा प्रश्न" म्हणतो. स्टारने सकाळपासून तेच उत्तर तीस-चाळीस वेळा दिलेलं असतं. अशा सहा मिनिटांत काय करायचं? रोल कसा वाटला, सहकलाकार कसे होते हे अजिबात नको, ते प्रेस किटमध्ये, म्हणजे पत्रकारांना वाटलेल्या माहितीत, असतं. तीन प्रश्न घेऊन जा, तिन्ही अगदी नेमके. "अमुक सीनमध्ये तुम्ही वाक्य संपायच्या आधीच वळलात, ते स्क्रिप्टमध्ये होतं का" असा प्रश्न विचारला की माणूस एकदम सरळ बसतो, कारण दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी काम नीट बघून आलेलं असतं. उत्तर देताना त्याला मध्येच तोडू नका. बाहेर आल्यावर लगेच जिन्यात उभं राहून खोलीत काय होतं ते लिहून काढा, त्याने पाण्याची बाटली किती वेळा फिरवली, बूट काढून बसला होता का, पब्लिसिस्टकडे कधी बघितलं, कुठल्या नावावर आवाज खाली आला. रेकॉर्डरमध्ये यातलं काही येत नाही आणि लेखात जीव येतो तो यानेच.

मोठी मुलाखत मिळाली तर तयारी वेगळी. आधीच्या सगळ्या मुलाखती वाचून त्यात जे प्रश्न येऊन गेलेत त्यांची यादी करा आणि ते विचारू नका, हा साधा नियम पाळला तरी तुम्ही निम्म्या लोकांच्या पुढे जाता. दोन रेकॉर्डर ठेवा, एक फोन आणि एक वेगळा, बॅटरी आणि जागा तपासून. अवघड प्रश्न शेवटच्या एक तृतीयांश वेळात विचारा पण विचाराच, न विचारता परत आलात तर संपादक दुसऱ्यांदा पाठवत नाही. आणि तो प्रश्न सरळ विचारा, आडून नको, "लोक असं म्हणतात" च्या मागे लपू नका. गप्प बसता येणं ही या कामातली सगळ्यात मोठी कला आहे, उत्तर संपलं असं वाटल्यावर आणखी तीन सेकंद थांबा, खरं वाक्य पुष्कळदा तिथे येतं. सेल्फी आणि ऑटोग्राफ मागू नका, तुम्ही फॅन म्हणून आलात असं एकदा त्यांच्या मनात बसलं की पुढचं सगळं बोलणं फॅनशी बोलल्यासारखं होतं.

आणि मुलाखत मिळालीच नाही तर? तर खरं रिपोर्टिंग सुरू होतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकन पत्रकार गे टलीज. एस्क्वायर मासिकाने त्याला गायक फ्रँक सिनात्रावर लिहायला पाठवलं, तो पोचला तेव्हा सिनात्राला सर्दी झालेली, मूड खराब, मुलाखत नाही म्हणाला. टलीज परत गेला नाही. साधारण तीन महिने तो सिनात्राच्या आजूबाजूच्या माणसांशी बोलत राहिला, वादक, ऑफिसातली माणसं, सोबती, घरचे, अगदी सिनात्राचे केसांचे टोप छोट्या बॅगेत घेऊन मागे फिरणारी एक बाई होती तिच्यापर्यंत, आणि लांबून सिनात्राला क्लबमध्ये, स्टुडिओत नुसतं बघत राहिला. एप्रिल १९६६ च्या अंकात तो लेख आला आणि आज इतक्या वर्षांनी पत्रकारितेच्या वर्गात तो शिकवतात. त्या टोपवाल्या बाईचा विचार करा. ती कोणाच्या नजरेत भरत नाही, पण एवढ्या मोठ्या माणसाबद्दल तिच्या बॅगेतून जे कळतं ते त्याने स्वतः तासभर बोलून कळलं नसतं. म्हणून नकार आला की कागद घ्या आणि या माणसाचं रोजचं आयुष्य कोणाकोणाच्या हातातून जातं त्याची यादी करा, जुना शिक्षक, पहिला कोच, पहिल्या सिनेमाचा एडिटर, साउंडवाला, टूरचा ड्रायव्हर, सोडून गेलेला पार्टनर. यादी संपत नाही. फक्त एक, ज्यांच्याशी बोलाल त्यांना तुम्ही कोण आणि कशासाठी विचारताय ते पहिल्या वाक्यात सांगा.

शब्द देताना जपून. ऑन द रेकॉर्ड म्हणजे नावासकट छापता येतं, बॅकग्राउंड म्हणजे माहिती वापरता येते पण नाव नाही, "जवळच्या व्यक्तीने सांगितलं" वगैरे, आणि ऑफ द रेकॉर्ड म्हणजे छापायचंच नाही. गंमत अशी की प्रत्येक जण याचे अर्थ थोडे वेगळे लावतो, म्हणून बोलणं सुरू व्हायच्या आधीच "म्हणजे नक्की काय ठरलं आपलं" हे स्पष्ट विचारून घ्या, बोलून झाल्यावर मागाहून ऑफ द रेकॉर्ड होत नसतं. एम्बार्गो, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी छापायचं नाही ही अट, पाळा, एकदा मोडलात की त्या एजन्सीकडून पुन्हा काही येत नाही, आणि या लाईनमध्ये एजन्सीवाले एकमेकांशी रोज बोलतात. याच्या उलट बाजूला, प्रश्न आधी पाठवा, लेख छापायच्या आधी दाखवा, अमुक विषय नको असल्या अटी येतात. फोटो निवडण्याचा हक्क बऱ्याच ठिकाणी द्यावा लागतो, ते मी समजू शकतो, पण लेख मंजुरीला पाठवणं मला मान्य नाही, तसं केलं की ती जाहिरातच झाली. तथ्यं तपासायला फोनवर वाचून दाखवा, वाक्यं बदलायला नको. आणि कुठलीही अट आली की ती संपादकाला लगेच कळवा, स्वतःच्या जोरावर हो म्हणून मोकळे होऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तपासणी. कॅरल बर्नेट या अमेरिकन विनोदी अभिनेत्रीबद्दल नॅशनल एन्क्वायरर या साप्ताहिकाने १९७६ ला चार ओळींची एक बातमी छापली, की वॉशिंग्टनच्या एका रेस्टॉरंटमध्ये ती आरडाओरडा करत होती, तेव्हाचे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्याशी वाद घातला, लोकांना आपलं डेझर्ट वाटत फिरली, कोणाच्या अंगावर वाईन सांडली. वाचणाऱ्याला वाटणार की बाई प्यायलेली होती. छापायच्या आधी तपास झाला होता, आणि त्यात फक्त डेझर्ट दिल्याचं आणि किसिंजरशी चांगल्या मूडमध्ये गप्पा झाल्याचं एवढंच खरं निघालं होतं, तरी बातमी गेली. तिचे आईवडील दोघेही दारूच्या व्यसनाने गेलेले, त्यामुळे तिला ते फार लागलं. साप्ताहिकाने नंतर माफीची ओळ छापली पण ती कोर्टात गेली, आणि १९८१ ला ज्युरीने तिच्या बाजूने १६ लाख डॉलरचा निकाल दिला. पुढे रक्कम कमी झाली आणि प्रकरण तडजोडीने मिटलं, पण चार ओळींची किंमत काय असू शकते ते सगळ्या संपादकांना कळलं. तेव्हा छोटी बातमी आहे म्हणून सूट नाही, छोट्या बातमीतच जास्त घोळ होतात कारण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. दोन सोर्स घ्या आणि ते खरोखर वेगळे आहेत का बघा, दोघांनीही एकाच तिसऱ्याकडून ऐकलेलं असेल तर तो एकच सोर्स झाला. कोर्टाची कागदपत्रं, कंपनीच्या नोंदी, जन्मतारखा, क्रेडिट लिस्ट हे सगळं मिळतं, शोधा. आजारपण, गरोदरपण, घटस्फोट, मृत्यू यात प्रतिनिधीला फोन केल्याशिवाय एक अक्षर लिहू नका, आणि त्याला उत्तर द्यायला खरोखर वेळ द्या, छपाईला दहा मिनिटं असताना केलेला मेल म्हणजे विचारणं नव्हे.

काही रेषा आहेत त्या कोणी सांगितलं तरी ओलांडायच्या नाहीत. ब्रिटनमधलं न्यूज ऑफ द वर्ल्ड हे वृत्तपत्र १८४३ पासून चालू होतं, जुलै २०११ मध्ये बंद पडलं, कारण त्यांच्या लोकांनी फोनचे व्हॉइसमेल चोरून ऐकले होते, सेलिब्रिटींचेच नाही तर खून झालेल्या एका शाळकरी मुलीचासुद्धा. १६८ वर्षांचा पेपर आणि ज्यांचा याच्याशी काही संबंध नव्हता त्यांच्याही नोकऱ्या गेल्या. स्टारच्या मुलांना तर बाजूलाच ठेवा, त्यांनी प्रसिद्धी मागितलेली नाही. कॅलिफोर्नियात हॅली बेरी आणि जेनिफर गार्नर या अभिनेत्रींनी स्वतः विधिमंडळात जाऊन मुलांना होणाऱ्या त्रासाबद्दल सांगितलं आणि तिथे २०१३ मध्ये कायदा कडक झाला, पुढच्या वर्षी पीपल साप्ताहिकानेही मुलांचे असे पाठलाग करून काढलेले फोटो वापरणं थांबवलं. भेटवस्तू, फुकट ट्रिप याबद्दल तुमच्या मासिकाचा नियम काय आहे ते पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या, आणि नियम नसेल तर घेऊच नका.

फ्रीलान्स करणार असाल तर करार नीट वाचा, खास करून तीन कलमं. किल फी, म्हणजे लेख लिहून घेतला आणि छापला नाही तर किती देणार. हक्क, म्हणजे एकदाच छापायचे की कायमचे सगळे त्यांचे, कारण एका चांगल्या प्रोफाईलवरून पुढे पुस्तक किंवा डॉक्युमेंटरी होऊ शकते. आणि कोणी बदनामीचा दावा लावला तर वकिलाचा खर्च कोण करणार, हे कलम बऱ्याच करारात लेखकाच्या डोक्यावर टाकलेलं असतं आणि लोकं न बघता सही करतात. बोलून बदलून घेता येतं ते, निदान विचारा तरी.

इथून पुढे रस्ते बरेच फुटतात. कोणी सीनियर रायटर, मग कॉन्ट्रिब्युटिंग एडिटर होतात, वर्षाला मोजकेच पण मोठे लेख. कोणी बुकिंगकडे वळतात, म्हणजे कव्हरसाठी स्टारशी बोलणी करणारे, मासिकात त्यांना फार मान असतो. कोणी सेलिब्रिटींच्या आत्मकथा लिहून देतात, जे. आर. मोरिंगर हा पुलित्झर मिळालेला पत्रकार, त्याने टेनिसपटू आंद्रे अगासीची आणि ब्रिटनच्या प्रिन्स हॅरीची आत्मकथा लिहायचं काम केलं. आणि ज्यांना हे हलकं काम वाटतं त्यांनी इटालियन पत्रकार ओरियाना फलाची आठवावी, तिने १९५० च्या दशकात इटलीच्या साप्ताहिकासाठी हॉलिवूडच्या नट-नट्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि तोच हात पुढे १९७२ ला किसिंजरसमोर आणि १९७९ ला इराणच्या खोमेनींसमोर चालला. तासभर स्वतःची इमेज सांभाळत बोलणाऱ्या माणसाकडून खरं काढून घेणं हे दोन्हीकडे सारखंच आहे.

कुठल्याही रस्त्याने गेलात तरी नोट्स, रेकॉर्डिंग आणि मेल फेकू नका. नोकरी बदलताना काय तुमचं आणि काय मासिकाचं हे करारात बघा, जे तुमचं आहे त्याची तारखेनुसार नीट नावं देऊन कॉपी ठेवा, आणि नाव न सांगण्याच्या अटीवर बोललेल्या माणसांची नावं त्या फाईलमध्ये उघडी ठेवू नका, वेगळी आणि पासवर्ड लावून ठेवा. लेख छापून झाल्यावर दुसऱ्या दिवशी ज्यांनी ज्यांनी मदत केली त्या सगळ्यांना, ड्रायव्हरपासून पब्लिसिस्टपर्यंत, अंकाची लिंक किंवा प्रत पाठवा, आणि त्याच मेलमध्ये काही चुकलं असेल तर कळवा म्हणून लिहा.